दोन पडदे, आतलं जुनं मशीन आणि मराठीची वीस वर्षं

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. वरवर कॉम्प्युटरची गोष्ट आहे, पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातून निघणारं छोटं मासिक. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. कॉलेजात असताना मी ज्या प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होतो, तिथंच त्याचं काम व्हायचं. २००५ च्या पुरात मासिकाच्या कचेरीतले जुने अंक भिजून लगदा झाले. काही अंक वाचकांकडून परत मिळाले, पण नऊ अंकांची एकही छापील प्रत आज कुणाकडे नाही. त्यातल्या तीन अंकांत २००३ च्या दुष्काळातल्या चारा छावण्यांवरची लेखमाला होती. गावांची नावं, तारखा, माणसांचं बोलणं, सगळं त्यात.

"प्रेसमध्ये सीडी असतील का रे?" संपादकांनी विचारलं.

सीडी होत्या. बिस्किटांच्या खोक्यात, कागदी पाकिटांत, वर स्केच पेननं महिना लिहिलेला. बऱ्याचशा वाचताही आल्या. पण फाइल उघडली की समोर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि भलतीसलती चिन्हं. एका दुकानदारानं सांगितलं, "साहेब, करप्ट झालंय." दुसऱ्यानं सगळं नव्यानं टाइप करायचं कोटेशन दिलं. ज्याची छापील प्रतच नाही ते बघून टाइप करणार कशावरून, हे त्याला विचारलं तर तो गप्प.

फाइल खराब झालेली नव्हती. जे मशीन ती वाचू शकत होतं, ते आपण भंगारात घातलं होतं.

ज्यांनी त्या काळात डीटीपी केलंय त्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये "क" हे अक्षर फाइलमध्ये "क" म्हणून साठवलं जात नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. आपण तुकडे जोडायचो, फाँट त्यांचं रूप दाखवायचा. फाइलमध्ये मात्र इंग्रजी चिन्हांचीच रांग. फाँट गेला की मराठी गेलं. कुठल्या जागेवर कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, मी वापरून बघितले. पण पहिली वेलांटी तेव्हा अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. जोडाक्षर आलं की रूपांतर घसरतं. माणसाची नजर लागतेच. आणि नजर टाकायची तर मूळ पान मूळ रूपात समोर दिसलं पाहिजे.

प्रेसच्या मालकांनी विंडोज एक्सपीची सीडी, पेजमेकरची सीडी, परवान्याची कार्डं आणि फाँटच्या कुलुपाची यूएसबी काडी गोदरेजच्या कपाटात जपून ठेवली होती. कॉम्प्युटर तेवढा राहिला नव्हता. मग मी माझ्या नव्या लिनक्सच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकला, त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार केला आणि त्या खोट्या कॉम्प्युटरवर खरा एक्सपी चढवला. मग काकूंना बोलावलं. काकू म्हणजे प्रेसमधल्या आमच्या सीनियर ऑपरेटर. आता बासष्ट वर्षांच्या. रेमिंग्टनच्या टाइपरायटरवरून थेट डीटीपीवर आलेल्या. कीबोर्डकडे बघत नाहीत.

पहिला दिवस वाया गेला. माझ्याकडे दोन मॉनिटर. डावीकडे एक्सपी फुलस्क्रीन, त्यात पेजमेकर. उजवीकडे माझ्या लिनक्सवर छापील अंकाचं स्कॅन. छापील अंकाची गरज का, तर ट्रेसिंग काढून झाल्यावर संपादक शेवटच्या दुरुस्त्या सांगायचे. आम्ही तेवढे दोन-चार शब्द वेगळे छापून, कापून, ट्रेसिंगवर चिकटवायचो. फाइलमध्ये त्या दुरुस्त्या कधी गेल्याच नाहीत. म्हणून जिथं प्रत आहे तिथं फाइल आणि छापील पान ओळ न् ओळ ताडून बघायचं होतं.

काकू स्कॅन पुढे सरकवायला उजवीकडे क्लिक करायच्या. त्याबरोबर कीबोर्ड आतल्या मशीनमधून बाहेरच्या मशीनकडे जायचा. आत रेमिंग्टनची मांडणी, बाहेर इनस्क्रिप्टची. टाइप करायला जावं तर भलतंच उमटायचं. पुन्हा डावीकडे क्लिक, पुन्हा तेच. अख्ख्या सकाळी तीन पानं झाली. काकू वैतागल्या. "अरे, हे एक मशीन आहे का दोन? मला एक काय ते दे."

त्यांचं बरोबर होतं. त्या रात्री मी आतल्या एक्सपीलाच दोन मॉनिटर दिले आणि दोन्ही पडदे फुलस्क्रीन केले. स्कॅनसुद्धा आतच नेलं. दुसऱ्या दिवशी काकू बसल्या, डावीकडे पान, उजवीकडे स्कॅन, माउस इकडून तिकडे सरळ जातोय. लिनक्स कुठं दिसतच नाही. "हां, आता आपलं मशीन वाटतंय," म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत एकवीस पानं झाली.

ही एवढीशी सोय. पण ती कुठून आली हे शोधत गेलो आणि सत्तरएक वर्षांच्या इतिहासात शिरलो. त्यातला बराच भाग आपल्याही कामाचा आहे.

जुनं टाकू नका, असं गिऱ्हाइकानं बजावलं

आयबीएमनं १९५९ मध्ये १४०१ नावाचा कॉम्प्युटर आणला. हिशेब, पगारपत्रकं, विम्याचे हप्ते यांसाठी तो जगभर चालला. ७ एप्रिल १९६४ ला कंपनीनं सिस्टीम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. अडचण अशी की नव्या मशीनची भाषा वेगळी. गिऱ्हाइकांनी १४०१ साठी वर्षानुवर्षं लिहून घेतलेले प्रोग्रॅम नव्यावर चालेनात. तिकडे हनीवेल कंपनीनं आपलं २०० नावाचं मशीन काढलं आणि १४०१ चे प्रोग्रॅम त्यावर आणायची सोयही बरोबर दिली. आयबीएमला शहाणपण सुचलं. ३६० च्या काही मॉडेलमध्ये १४०१ ची नक्कल करायची सोय घातली गेली. "एम्युलेटर" हा शब्द आयबीएममध्ये त्याच सुमारास रुळला.

म्हणजे नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन ठेवायची कल्पना गिऱ्हाइकाच्या दबावातून पुढे आली. आमचं जुनं काम चाललं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या एका छोट्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्याचे सहकारी वेगळ्याच प्रश्नाला भिडले होते. कॉम्प्युटर प्रचंड महाग, वापरणारे अनेक. वेळ वाटून द्यायचा कसा? त्यांनी प्रत्येकाला मशीनचा तुकडा देण्याऐवजी प्रत्येकाला अख्खं मशीन मिळाल्याचा भास द्यायचं ठरवलं. सीपी-४० ही त्यांची प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये कामाला लागली. एका खऱ्या मशीनवर एकाच वेळी १४ पर्यंत "मशीनं" चालायची आणि प्रत्येकाला वाटायचं की हे सगळं आपलंच. पुढे १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावानं आयबीएमनं ते अधिकृतपणे बाजारात आणलं. काकूंना जे हवं होतं, ते हेच होतं. भास द्यायचा तर पुरता द्या, अर्धवट नको.

इथं आपल्या देशाचा एक धागा आहे. १४०१ भारतातही आलं, पण परदेशात वापरून झालेली यंत्रं इथं दुरुस्त करून भाड्यानं दिली जायची. त्यावर टीका झाली. परकीय चलन नियमन कायदा १९७३ चा. त्याप्रमाणे भारतातल्या कंपनीतली मालकी कमी करायला आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. कंपनी गेली, यंत्रं इथंच. ती चालवायची कोणी? सरकारनं १९७५ मध्ये काढलेल्या सीएमसी या कंपनीनं ती देखभाल अंगावर घेतली. बनवणारा निघून गेला तरी काम थांबता कामा नये, एवढी समज तेव्हाच्या व्यवस्थेत होती. आज आपल्या फाइलींच्या बाबतीत ती दिसत नाही.

पीसीच्या पोटातला पीसी

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कुठल्या प्रोसेसरवर असं आभासी मशीन नीट चालू शकतं याचे नियम मांडले. आपल्या घरातले पीसी ज्या इंटेलच्या प्रोसेसरवर चालायचे, ते या कसोटीवर नापास होते. त्याच्या सतरा सूचना अशा होत्या की आतल्या मशीननं त्या दिल्या तर बाहेरच्याला पत्ताच लागत नसे. म्हणून बरीच वर्षं पीसीवर हे जमणार नाही, असंच धरून चालले होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाट काढली. आतल्या मशीनच्या नाठाळ सूचना चालता चालताच बदलून घ्यायच्या. रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि आणखी तिघांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांचं पीसीवर चालणारं पहिलं उत्पादन आलं. २००५ च्या अखेरीला इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं प्रोसेसरमध्येच या कामासाठी खास सोय घातली. जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीनं व्हर्च्युअलबॉक्सची मुक्तस्रोत आवृत्ती खुली केली. पुढच्याच महिन्यात केव्हीएम हे तंत्र लिनक्सच्या गाभ्यात गेलं. आठ-नऊ वर्षांत जे अशक्य म्हणत होते, ते कुणालाही फुकट मिळू लागलं.

पडदे मात्र मागे राहिले

दोन मॉनिटर ही काही नवी चैन नाही. १९८७ च्या मॅकिंटॉश टू मध्ये एकाहून जास्त पडदे लावता यायचे. विंडोज ९८ नऊपर्यंत पडदे ओळखायचं. पण आभासी मशीनला बरीच वर्षं एकच पडदा. घर दोन खोल्यांचं, पण पाहुण्याला एकीतच बसवायचं, असा प्रकार.

आधी जे उपाय आले ते वरवरचे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे दुसरीकडचं मशीन आपल्या पडद्यावर आणायच्या सोयीत, व्हिस्टाच्या काळात "स्पॅन" नावाचा पर्याय आला. दोन पडदे मिळून एकच लांबलचक पडदा आहे असं तो पलीकडच्या मशीनला सांगायचा. झालं काय, की एखादी सूचनेची चौकट आली की ती बरोब्बर मधोमध. अर्धी या मॉनिटरवर, अर्धी त्या. "ओके"चं बटण दोन पडद्यांच्या फटीत. खिडकी मोठी केली की ती दोन्ही पडद्यांवर पसरायची. पडदे जुळ्या उंचीचे नसतील तर चालायचंच नाही. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर खरा उपाय आला. पलीकडच्या मशीनला प्रत्येक पडदा वेगळा कळू लागला, सोळापर्यंत. व्हीएमवेअरच्या वर्कस्टेशनमध्ये ही सोय त्याआधी, २००७ च्या सहाव्या आवृत्तीत आली होती.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्या माझ्या मित्रांना यात नवल वाटणार नाही. टेबलावर दोन पडदे, दोन्हींवर फुलस्क्रीन कुठल्या तरी बँकेचं मशीन, आणि ते मशीन असतं दुसऱ्या देशात. दिवसाचे नऊ तास आपण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरच्या आत बसलेलो असतो. पगार तिथूनच येतो, त्यामुळे तक्रार नाही. पण जे तंत्र आपण परक्या बँकांचा कारभार चालवायला रोज वापरतो, ते आपली स्वतःची पानं वाचवायला वापरायचं कुणाला सुचत नाही, याचं वाईट वाटतं.

नेमकं करायचं काय

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी, मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये केलं ते क्रमानं सांगतो.

आतलं मशीन बंद असताना त्याच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली मॉनिटरची संख्या दोन करायची. तिथंच व्हिडिओ मेमरी वाढवायची. हिशेब सोपा आहे. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका पडद्याच्या एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. दोन पडद्यांचे दुप्पट, वर थोडी मोकळीक. मी १२८ एमबी ठेवली, पुष्कळ झाली.

मग मशीन चालू करून आत "गेस्ट ॲडिशन्स" टाकायचे. याशिवाय गाडी हलत नाही. आतल्या विंडोजला बाहेरच्या पडद्याचा आकार माहीत नसतो. हा छोटा प्रोग्रॅम आतबाहेर निरोप पोचवतो. मी तो विसरलो होतो, म्हणून पहिल्या प्रयत्नात मधोमध एवढंसं चित्र आणि भोवती काळी चौकट दिसत होती. नंतर एक्सपीच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या मॉनिटरवर डेस्कटॉप वाढवायची खूण करायची.

शेवटी उजवा कंट्रोल आणि एफ दाबलं की फुलस्क्रीन. नियम एकच: आत जितके पडदे, तितके तरी खरे मॉनिटर बाहेर हवेत, नाहीतर ते नकार देतं. आमचा डावा पडदा उजवीकडे गेला होता. उजवा कंट्रोल आणि होम दाबून मेनू आणला आणि आतला कुठला पडदा बाहेरच्या कुठल्या मॉनिटरवर हे सांगितलं.

कुलुपाची यूएसबी काडी मेनूतूनच आत देता येते. इंटरनेट मात्र आत अजिबात देऊ नका. एक्सपीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला बंद झाल्या. आमचं आतलं मशीन जगापासून तोडलेलं आहे, फाइलींची ये-जा एका सामायिक फोल्डरमधून होते. आणि सगळं नीट बसलं की त्या अख्ख्या मशीनची फाइल दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. आता ते मशीन कधी जळणार नाही.

आता मूळ मुद्दा

साधारण १९९० ते २०१० ही वीस वर्षं आठवा. खिळ्यांची जुळणी संपली, डीटीपी आलं. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, गावोगावची गॅझेटं, लग्नपत्रिका. मराठीत इतकं छापलं गेलं नसेल इतकं त्या काळात छापलं गेलं आणि त्याचा मोठा भाग अशाच फाँटच्या कुलुपात आहे.

पर्याय नव्हता असं नाही. जिस्ट हे भारतीय लिप्यांचं तंत्र कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा सांकेतिक नियम १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये देवनागरी थेट चालू लागली. पण पेजमेकरला ती कळत नव्हती आणि छपाईचा सगळा धंदा पेजमेकरवर. २००१ मध्ये पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती आली आणि बनवणाऱ्यांनी ते तिथंच थांबवलं. आपण मात्र पुढे दहा-दहा वर्षं त्यावरच काम करत राहिलो. केंद्र सरकारनं ई-कारभारासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्ये ठरवलं. त्याआधीच्या फाइलींचं काय करायचं, हे त्यानं आपोआप सुटलं नाही.

दुसऱ्या देशांनीही असे ठेचकाळून धडे घेतलेत. इंग्लंडात १०८६ च्या डूम्सडे बुकाला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीनं १९८६ मध्ये नवं डूम्सडे केलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी आपल्या गावाची माहिती दिली आणि ती लेझर डिस्कवर गेली. पंधरा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचं कातडं वाचता येत होतं, १९८६ ची डिस्क नाही. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पानं जुन्या यंत्राची नक्कल करून ती उघडून दाखवली. जेफ रोथेनबर्ग १९९५ पासूनच सांगत होते की फाइल जपून भागत नाही, ती चालवणारा प्रोग्रॅमही जपावा लागतो. आपल्या मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे जुने मॅक अटलांटाच्या एमरी विद्यापीठाकडे गेले. २०१० मध्ये त्यांतल्या एका मॅकची हुबेहूब नक्कल अभ्यासकांसाठी खुली झाली. आपल्याकडच्या एखाद्या लेखकाचा कॉम्प्युटर घरच्यांनी देऊ केला, तर तो घ्यायला कोण पुढे येईल? विचार करा.

आता कुणी म्हणेल, खासगी कंपन्या करतील की. मालक बदलला की काय होतं तेही बघा. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं घेतली. डिसेंबरमध्ये कायमचे परवाने विकणं बंद, वर्गणीच भरा. दुसरीकडे तिचंच वर्कस्टेशन पुढच्या वर्षी सगळ्यांना फुकट. दोन्ही निर्णय मालकाच्या मर्जीचे. व्हर्च्युअलबॉक्सही इनोटेककडून २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला. त्याचा मूळ भाग मुक्तस्रोत आहे, म्हणून उद्या काहीही झालं तरी तो कुणी हिरावून घेऊ शकत नाही. त्याचं जोडपॅकेज मात्र कचेरीत वापरायला पैसे पडतात. आमचं काम मूळ भागावरच झालं.

कायद्यातही भोक आहे. कॉपीराइट कायद्यानं प्रोग्रॅमची रीतसर प्रत बाळगणाऱ्याला तो वापरण्यासाठी आणि राखीव म्हणून प्रत करायची मुभा दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत करता येते, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. आमच्या त्या नऊ अंकांची कागदी प्रतच नाही. ते फक्त फाइल म्हणून उरलेत. पुरात कागद वाहून गेला आणि कायदा कागद मागतो.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक साधा कॉम्प्युटर, दोन मॉनिटर आणि जुन्या प्रणालींची आभासी मशीनं असावीत. लोकांनी सीडी, फ्लॉपी घेऊन यावं आणि आपल्या फाइली वाचून न्याव्यात.

दोन. जुन्या फाँटच्या जागांचे तक्ते कंपन्यांनी खुले करावेत. त्यात आता धंद्याचं गुपित काही उरलेलं नाही. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांचे तक्ते सरकारनं तयार करून घ्यावेत.

तीन. सरकारी पैशानं होणाऱ्या प्रत्येक छपाईच्या निविदेत एक ओळ घालावी: छापील प्रतींबरोबर युनिकोडमधला मजकूर द्यावा लागेल. साठ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांनी आयबीएमला हेच सांगितलं होतं, आमचं जुनं काम चाललं पाहिजे. सरकार तर सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आहे.

चार. डिजिटल म्हणूनच जन्मलेल्या मजकुराच्या जतनाची कायद्यात स्पष्ट सोय व्हावी.

आणि घाई आहे. मशीनची नक्कल करता येते, काकूंची नाही. कुठल्या आवृत्तीत रफार कुठल्या बटणावर होता, कुठल्या महिन्यात फाँट बदलला, ट्रेसिंगवर काय चिकटवलं होतं, हे ज्यांच्या बोटांत आहे ती पिढी साठीच्या पुढे गेली आहे.

आमचं काम दिवाळीनंतर संपलं. नऊच्या नऊ अंक युनिकोडमध्ये आले. छावण्यांवरच्या लेखमालेचा तिसरा भाग ताडायला छापील प्रत नव्हती, काकूंनी तो फाइलवरूनच वाचून काढला. एका गावाच्या नावापाशी थांबल्या. "हे चुकलेलं होतं. मी ट्रेसिंगवर बदललं होतं, आठवतंय मला." पडद्यावरचं नाव बदलून दिलं. संपादकांनी त्या गावात फोन लावून विचारलं. काकू बरोबर होत्या.

रोज संध्याकाळी काकू स्टार्ट दाबून एक्सपी शटडाऊन करायच्या, दोन्ही मॉनिटरवर कापड टाकायच्या आणि चपला घालायच्या. त्यांच्या लेखी मशीन बंद झालेलं असायचं. मी त्या गेल्यावर बाहेरचं मशीन बंद करायचो.

तुमच्या माळ्यावर, प्रेसमध्ये, शाळेच्या कपाटात अशा सीडी असतील तर टाकू नका. सोबत फाँटची सीडी, कुलुपाची काडी, परवान्याचं कार्ड जे सापडेल ते एका डब्यात ठेवा आणि वर वर्ष लिहा. ज्यांनी त्यावर काम केलं त्यांचा फोन नंबर माहीत असेल तर तोही लिहा. डब्यातलं सगळ्यांत मौल्यवान तेच आहे.